बीएमएक्स रेसिंगला ‘फक्त हिंमत लागते’ या दाव्याचा प्रतिवाद

नागपुरातील पालकांच्या आणि सायकलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर बीएमएक्स रेसिंगविषयीचा, म्हणजे उंचवट्यांच्या ट्रॅकवरील छोट्या सायकलींच्या शर्यतीविषयीचा, एक संदेश सध्या सातत्याने पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हा जेमतेम 40 सेकंदांचा खेळ असल्यामुळे त्याला तंदुरुस्तीची गरज नाही, फक्त हिंमत लागते, दम वाढवायचाच असेल तर वर्धा रोडवर रोज 30-40 किलोमीटर सायकल चालवली की पुरे, मुलांनी वजने उचलली तर त्यांची उंची खुंटते, महागडी सायकल, ट्रॅक आणि स्टार्ट गेट नसेल तर शिकण्यात अर्थ नाही, आणि ज्याला शिकायचेच आहे त्याने पहिल्या दिवसापासून उडी मारायला शिकावे. मी मैदानावर मुलांकडून सायकलिंगचा सराव करून घेतो आणि यातील बहुतेक वाक्ये पालकांच्या तोंडून प्रश्नांच्या रूपात ऐकतो. शेवटचा सल्ला तर थेट दुखापतीकडे नेणारा आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा 40 सेकंदांचा. शर्यत तेवढीच असते, हे खरे आहे; परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. साधारण 300 ते 400 मीटरच्या ट्रॅकवर 8 स्पर्धक एकाच वेळी उतरतात, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत ते 8 मीटर उंचीच्या उतारावरून निघतात. पहिल्या काही सेकंदांत स्नायूंमध्ये साठलेली तात्काळ ऊर्जा वापरली जाते, ती संपत आली की शरीर ऑक्सिजनची वाट न पाहता साखर जाळू लागते, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात मांड्या भरून येतात त्या यामुळेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, ब्रिटनच्या बेथनी श्रायव्हरने कोलंबियाच्या मारियाना पाहोनला अवघ्या 0.09 सेकंदाने मागे टाकून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा अंतिम रेषेनंतर तिच्या पायांत उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते आणि संघातील सहकारी काय व्हाइट याने तिला उचलून घेतले होते. त्या दिवशी ती उपांत्य फेरीच्या 3 आणि अंतिम फेरीची 1, अशा चार शर्यती धावली होती. जगातील सर्वोत्तम खेळाडूची ही अवस्था होत असेल, तर तंदुरुस्ती लागत नाही हे विधान कशाच्या आधारे केले जाते?

वर्धा रोडचा सल्ला अर्धवट बरोबर आहे. दिवसभरात अनेक फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत शरीर लवकर पूर्ववत व्हावे यासाठी दमाचा पाया हवाच. आठवड्यातून एखादी सकाळ लांब, संथ सायकलिंगला द्यायला हरकत नाही. परंतु तासन्‌तास एकाच गतीने पॅडल मारणारे शरीर तेच शिकते, आणि बीएमएक्सला हवी असते ती स्थिर उभ्या अवस्थेतून क्षणात निर्माण होणारी ताकद. त्यासाठी सेमिनरी हिल्सच्या एखाद्या शांत चढावर पहाटे, वाहने नसताना, 8 ते 10 सेकंदांच्या पूर्ण जोराच्या धावा कराव्यात आणि प्रत्येक धावेनंतर 3 ते 5 मिनिटे खरोखर थांबावे. ही विश्रांती म्हणजे आळस वाटून मुले ती गाळतात. मग पाचवी धाव ही वेगाची उरत नाही, केवळ थकव्याची होते. एप्रिल ते जून हा सराव सकाळी सातच्या आत संपलाच पाहिजे. पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या शहरात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, उन्हातला सराव मुलांना कणखर करत नाही, आजारी पाडतो.

उंची खुंटण्याची भीती घरोघरी आहे आणि ती प्रामाणिक आहे, म्हणून तिला सन्मानाने उत्तर द्यायला हवे. योग्य पद्धतीने, जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांची वाढ थांबते, याला पुरावा नाही. उलट जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम सुचवते. धोका असतो तो देखरेखीशिवाय, मोठ्यांची नक्कल करत, न पेलणारे वजन वाकड्या पाठीने उचलण्यात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आधी बैठका, जोर, पुल-अप, प्लँक आणि कमी उंचीच्या पायरीवरच्या उड्या नीट कराव्यात. वजन त्यानंतर, तेही हलके. आपल्या आखाड्यांत पोरे पिढ्यान्‌पिढ्या जोर-बैठका काढत आली आहेत, आणि त्यांची उंची त्यामुळे अडलेली नाही.

सायकलीबद्दल थोडक्यात. रेसिंगची सायकल 20 इंची चाकांची, एकाच गिअरची आणि फक्त मागच्या ब्रेकची असते, आणि सुरुवातीचा जमिनीवरचा सराव स्टँड व मडगार्ड काढलेल्या, ब्रेक व चेन ठीक असलेल्या साध्या 20 इंची सायकलवर निश्चित होतो. मात्र अशा सायकलवर उड्या मारू नयेत, कारण तिची फ्रेम आणि फोर्क तेवढा आघात सोसण्यासाठी बनवलेले नसतात. पैसे आधी खर्च करायचे ते पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटवर आणि बोटे झाकणाऱ्या हातमोज्यांवर.

आता ट्रॅक आणि गेट. हा दावा मला सर्वाधिक खटकतो, कारण त्यामुळे मुले सुरुवातच करत नाहीत. गेट म्हणजे शर्यत सुरू होताच खाली पडणारा अडसर. त्यावर खेळाडू दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, पुढचे चाक गेटला टेकवून, तोल सांभाळत उभा असतो. ध्वनिमुद्रित सूचना संपते आणि दिवे लागतात, यांच्यातील विराम दर वेळी 0.1 ते 2.7 सेकंदांपर्यंत बदलता ठेवलेला असतो, जेणेकरून कोणी अंदाजाने निघू नये. म्हणजे शिकायच्या गोष्टी तीन: तोल, प्रतिक्रिया आणि पहिले पॅडल. पहिल्या दोन गोष्टी घराच्या कंपाउंडच्या भिंतीला चाक टेकवून शिकता येतात. मित्राने मागे उभे राहून कधी लगेच, कधी दोन सेकंद थांबून इशारा द्यावा. पॅडल जमिनीला समांतर किंवा पुढचे किंचित वर असावे आणि नजर चाकावर न ठेवता पुढे असावी. तिसरी गोष्ट मोकळ्या मैदानावर येते: इशारा मिळताच कंबर हँडलच्या दिशेने झोकायची, हात ताणलेले ठेवायचे आणि शरीराचे सगळे वजन पुढच्या पॅडलवर उतरवायचे. नुसत्या मांडीच्या जोरावर निघणारा मुलगा या हालचालीपुढे मागे पडतो.

दुसरे मोठे कौशल्य पम्पिंगचे, म्हणजे पॅडल न मारता उंचवट्यांवरून वेग मिळवण्याचे. चढावर सायकल वर येऊ द्यायची, कोपर आणि गुडघे वाकवून ती अंगाखाली घ्यायची. माथा ओलांडताच हातपाय सरळ करत तिला उतारावर दाबायचे. हे चुकले, म्हणजे चढावरच जोर लावला, तर प्रत्येक उंचवटा वेग खातो. यासाठी गुडघ्याहून कमी उंचीचे तीन-चार उंचवटे पुरतात आणि जागेच्या मालकाच्या परवानगीने ते फावड्याने घडवता येतात. एक काळजी मात्र घ्यावी. विदर्भातील काळ्या मातीचे उंचवटे पहिल्या पावसात चाकाला चिकटतात आणि उन्हाळ्यात त्यांना भेगा पडतात; म्हणून वरचा थर मुरमाचा द्यावा, पाणी मारून धुम्मसने ठोकावा आणि बाजूने पाणी निघून जाईल असा उतार ठेवावा.

उरला पहिल्या दिवशीच्या उडीचा सल्ला. या संदेशात रेसिंग आणि कसरतींचे फ्रीस्टाइल यांची गल्लत झालेली दिसते. ऑलिंपिकमध्ये रेसिंग 2008 साली बीजिंगला आले आणि फ्रीस्टाइल टोकियोत. दोहोंचे निकष वेगळे आहेत. फ्रीस्टाइलमध्ये हवेतील करामतीला गुण मिळतात, तर रेसिंगमध्ये हवेत गेलेला जास्तीचा वेळ वाया जातो, कारण तेथे पॅडल मारता येत नाही. म्हणून चांगला रेसर उंच न उडता माथ्यावर गुडघे-कोपर दुमडून सायकल खाली दाबून ठेवतो आणि पुढच्या उतारावर शक्य तितक्या लवकर चाके टेकवतो. ही तीच पम्पिंगची हालचाल आहे. ती जमिनीवर जमली नसेल तर हवेत जमण्याचा प्रश्नच येत नाही. आधी पम्पिंग, मग पुढचे चाक उचलून मागच्या चाकावर उंचवटे पार करणे, मग सपाट जमिनीवर दोन्ही चाके उचलणे, आणि त्यानंतर दोन उंचवट्यांच्या मधला भाग भरलेला टेबलटॉप, कारण त्यावर उडी कमी पडली तरी चाके सपाट जागी उतरतात. दोन उंचवट्यांच्या मध्ये खड्डा असलेल्या ‘डबल’वर तसे होत नाही. तेथे पुढचे चाक समोरच्या भिंतीवर आदळते आणि मूल हँडलवरून फेकले जाते. टेबलटॉप सलग आणि सहज जमेपर्यंत कोणत्याही मुलाला डबलकडे नेऊ नये.