खरी गोष्ट शेवटच्या पाट्यांमध्ये

'अ‍ॅमस्टरडॅम' अखेर बघितला. २०२२ चा सिनेमा, तेव्हा सपाटून आपटला होता. ख्रिश्चन बेल, मार्गो रॉबी, जॉन डेव्हिड वॉशिंग्टन, रॉबर्ट डी नीरो, रामी मालेक, झालंच तर टेलर स्विफ्ट (तिला लवकरच गाडीखाली ढकलतात). पडद्यावर एवढी मंडळी, की कोण कशाला आलंय हे विचारायला कुणाला सवड नाही.

माझा राग गर्दीवर नाही. सुरुवातीलाच 'यातलं बरंचसं खरंच घडलंय' अशी पाटी टाकायची आणि नेमकं जे घडलं तेच थापा वाटेल असं दाखवायचं, यावर आहे.

घडलं ते असं. १९३३. रूझवेल्ट नुकते अध्यक्ष झालेले, त्यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडलेली, धनिक हवालदिल. जेराल्ड मॅग्वायर नावाचा रोखे विकणारा माणूस निवृत्त मेजर जनरल स्मेडली बटलरकडे खेटे घालू लागला. बटलर म्हणजे मरीन दलातला, मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळवलेला गडी. आदल्याच वर्षी बोनससाठी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकलेल्या माजी सैनिकांच्या छावणीत जाऊन त्याने त्यांना जाहीर पाठिंबा दिला होता. साधे शिपाई त्याचा शब्द मानायचे, आणि मॅग्वायरला हवं होतं तेच.

पहिली मागणी काय? माजी सैनिकांच्या अधिवेशनात सुवर्णचलन परत आणा, म्हणजे डॉलरची सोन्याशी गाठ पुन्हा बांधा, असं भाषण ठोका! बटलरला तिथेच वास आला. शिपायाला सुवर्णचलनाचं काय पडलंय? मग नेवार्कच्या हॉटेलात मॅग्वायरने पलंगावर हजार-हजार डॉलरच्या अठरा नोटा फेकल्या. बटलर तरी बधेना, तेव्हा खुद्द रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क भेटायला आला. हा सिंगर शिलाई मशीनच्या संपत्तीचा वारस. हो, आपल्या आज्यांच्या घरातलं पायमशीन, तेच सिंगर. बटलरच्या साक्षीनुसार तो म्हणाला, माझ्याकडे तीन कोटी डॉलर आहेत, अर्धे वाचवायला अर्धे खर्चायची तयारी आहे.

पुढच्या वर्षी प्रस्ताव आला पाच लाख माजी सैनिकांच्या फौजेचा. अध्यक्ष नावापुरता ठेवायचा, कारभार भलत्याच्याच हाती, थोडक्यात सत्तापालटच. नोव्हेंबर १९३४ मध्ये बटलरने काँग्रेसच्या समितीपुढे सगळं ओकलं. पेपरवाल्यांनी टर उडवली. समितीने मात्र बटलरचं म्हणणं बऱ्याच अंशी ग्राह्य धरलं. तरी खटला एकावरही नाही. बेत कितपत पुढे गेला होता, यावर इतिहासकार आजही भांडतात.

अहो, त्या हॉटेलच्या खोलीतच सिनेमा आहे! एक गोडबोल्या सेल्समन, एक खडूस जनरल, मध्ये नोटा. हा माणूस नुसती फेकाफेक करतोय की खरंच मागे कुणी आहे, हे बटलरलाही कळत नाही. त्याऐवजी आपल्याला मिळतो काचेच्या डोळ्याचा डॉक्टर, खून, पक्षीनिरीक्षण करणारे हेर आणि चेहऱ्यावरच 'मी खलनायक' लिहिलेले श्रीमंत. बटलरचं नावही बदललंय, डी नीरोचा जनरल डिलनबेक म्हणून येतो. तो येईपर्यंत निम्मा सिनेमा उलटलेला असतो. काम झकास करतो, पण त्याच्या वाट्याला मुख्यतः भाषणच.

ल्युबेझ्कीचं छायाचित्रण सुंदर आहे, तेवढ्यासाठी बघणारे बघतील. बघितलात तर शेवटी श्रेयनामावली लागल्यावर उठू नका. तिथे डी नीरोच्या शेजारी खऱ्या बटलरची जुनी चित्रफीत दाखवलीय, तीच वाक्यं तो स्वतः बोलतोय. दोघांत भाव कोण खाऊन जातं ते कमेंटमध्ये सांगा. माझं मत बटलरला.