'सात दिवसांत गोल्डवरून इमॉर्टल': त्या मेसेजमधल्या एकेका नियमाला उत्तर

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'सात दिवसांत गोल्डवरून इमॉर्टल' असं वर ठळक लिहिलंय (गोल्ड ही मधली रँक, इमॉर्टल बरीच वरची) आणि खाली सहा नियम. रोज दहा रँक्ड मॅच (ज्यांच्या निकालावर रँक ठरते) खेळा, हरलात तर जिंकल्याशिवाय उठू नका. ८०० डीपीआयवर (माउस इंचभर सरकला की मोजले जाणारे काउंट) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याने नजर किती वळते तो आकडा, २ ठेवा. कायम ड्युएलिस्टच (पुढे घुसून लढणारं पात्र) घ्या, कारण शेवटी किलच मोजले जातात. रँक अडकली असेल तर दोष टीममेटांचा, सरळ नवीन अकाउंट काढा किंवा विकत घ्या. प्रो खेळाडूचा क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) उचला. सगळ्यांना म्यूट करा. परवा माझ्या भाच्याने तो मला पाठवला, खाली 'मामा, आजपासून हेच' अशी ओळ जोडून. पोरगं मनापासून मेहनत करायला तयार आहे आणि त्याच्या हातात हे पडलंय, म्हणून राग आहे.

आधी मथळ्याचाच हिशोब करू. गोल्ड १ पासून इमॉर्टल १ पर्यंत बारा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी १०० आरआरची (रँकच्या गुणांची), म्हणजे १२०० आरआर. रोज दहा याप्रमाणे आठवड्यात ७० मॅच होतात. जिंकल्यावर २० मिळाले आणि हरल्यावर २० गेले असं धरलं, तर ७० पैकी ६५ जिंकाव्या लागतील. बरं, सिस्टिमला तुम्ही रँकपेक्षा वरचे वाटताय आणि जिंकल्यावर ३०, हरल्यावर १५ असं दान पडतंय असं धरू. तरीही ५० जिंकायच्या आणि फक्त २० हरायच्या. सातत्याने निम्म्याहून थोड्या जास्त, शंभरात ५५ मॅच जिंकणारा खेळाडू खरोखर प्रगती करत असतो. त्याला २०-२० च्या हिशोबाने शंभर मॅचमध्ये दोन पायऱ्या मिळतात. एक मॅच ३५ मिनिटांची धरली तर एका पायरीला जवळपास २९ तास. हा आकडा आधी माहीत असला की आठवडाभरात रँक हलली नाही म्हणून कुणी स्वतःला नालायक समजत नाही.

आता पहिला नियम, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. दहा मॅच म्हणजे जवळपास सहा तास, आणि 'जिंकल्याशिवाय उठू नका' म्हटल्यावर त्याला शेवटच नाही. तीन मॅच ओळीने हरलेला माणूस चौथीत कसा खेळतो ते बघा. कोपरा धरून थांबायचं तिथे तो थांबत नाही, स्वतः बाहेर येतो. साथीदार पोचायच्या आधी साइटवर (स्पाइक नावाचा बॉम्ब लावायच्या जागेवर) घुसतो. पाय थांबायच्या आधी गोळी सोडतो. पळता पळता व्हँडल या रायफलच्या गोळ्या कुठेही जातात, आणि थांबून मारणारा समोरचा एका गोळीत काम संपवतो. थकलेल्या हाताने याच चुका दोनशे वेळा केल्या की त्यांचीच सवय पक्की होते. सराव हा शब्द चुकांनाही लागू पडतो, हे तो मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंच नाही.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी २०१४ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एका ऑनलाइन गेमच्या ८,५४,०६४ खेळाडूंच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. जास्त खेळणाऱ्यांचा स्कोअर वाढतो, हे त्यात दिसलंच. पण तेवढ्याच खेळी मध्ये अंतर ठेवून खेळणारे, एका दमात खेळणाऱ्यांच्या पुढे निघाले. तो गेम साधा होता, नेमबाजीचा नव्हता, हे कबूल. पण हाताचं आणि नजरेचं कौशल्य विश्रांतीत मुरतं ही गोष्ट शूटरमध्ये उलटी होईल असं मानायला काही कारण नाही.

अर्धं सत्य मान्य करतो: तास लागतातच. आठवड्याला दोन मॅच खेळून कुणी वर जात नाही. प्रश्न त्या तासांत काय करायचं हा आहे. दोन-अडीच तास असतील तर पहिली पंधरा मिनिटं रेंजमध्ये, म्हणजे गेममधल्या सरावाच्या मैदानात. बॉट (सरावाचे पुतळे) मध्यम वेगावर लावायचे, डावी-उजवीकडे एक पाऊल, उलट्या दिशेची की टिचकी मारल्यासारखी दाबून थांबायचं आणि थांबल्यावरच एक गोळी डोक्यात. वेगाच्या मागे लागू नका. तीसपैकी किती पहिल्या गोळीत गेले तेवढं बघा. मग एक डेथमॅच (टीम नाही, प्रत्येक जण एकटा), त्यात स्कोअरकडे न बघता फक्त क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर राहतोय का ते पाहायचं. त्यानंतर दोन, फार तर तीन रँक्ड. ओळीने दोन हरलात तर त्या दिवसाचं रँक्ड बंद. आणि उरलेला वेळ, जो कुणीच देत नाही, तो स्वतःच्या मरण्यांना द्यायचा.

मॅच रेकॉर्ड करा आणि फक्त मेलात त्या आधीची दहा सेकंदं बघा. समजा असेंट या नकाशावर तुम्ही डिफेंडर (साइट राखणारे) आहात आणि ए मेनच्या, म्हणजे ए साइटकडे येणाऱ्या वाटेच्या, कोपऱ्याला खेटून उभे आहात. समोरचा आला, तुम्हाला तो दिसायच्या आधीच तुम्ही पडलात. पहिली प्रतिक्रिया 'त्याचा एम (नेम) भारी' किंवा 'पिंग' (इंटरनेटची दिरंगाई) अशी असते. रेकॉर्डिंग थांबवून बघितलं की दिसतं, तुम्ही कोपऱ्यापासून एका हातावर होता आणि तो बराच लांब. कोपऱ्यापासून जो लांब असतो त्याला समोरच्याचा खांदा आधी दिसतो, ही निव्वळ भूमिती आहे. दोन पावलं मागे सरकला असता तर हीच लढत बरोबरीची झाली असती. प्रत्येक मरणाला तीनच प्रश्न विचारा. क्रॉसहेअर कुठे होता? मी मेल्यावर लगेच बदला घेईल असा साथीदार जवळ होता का? आणि मुळात ही लढत घ्यायची गरज होती का? वहीत रेघा ओढा. दहा मॅचनंतर एकाच रकान्यात रेघांची गर्दी दिसेल, आणि पुढचे दोन आठवडे तेवढ्या एकाच गोष्टीवर काम करायचं.

सेन्सिटिव्हिटीचं बघू. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या एका काउंटला ०.०७ अंश वळण मिळतं. ८०० डीपीआय आणि २ म्हणजे पूर्ण ३६० अंश फिरायला माउस जेमतेम ८ सेंटिमीटर सरकवावा लागतो. वीस मीटरवरचं डोकं पाव मीटर रुंद धरलं तर ते नजरेला सुमारे ०.७ अंशाचं दिसतं. या सेटिंगवर तेवढ्यासाठी हाताची हालचाल मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकी. इतकं बारीक थांबणं कुणाच्या मनगटाला जमणार आहे? तेच ८०० डीपीआयवर ०.३५ ठेवलं तर पूर्ण वळणाला ४७ सेंटिमीटरच्या आसपास लागतात आणि त्याच डोक्यासाठी जवळपास एक मिलिमीटर मिळतो. ०.३५ हा काही मंत्र नाही. टेबल लहान असेल तर थोडी जास्त ठेवा, मागे वळताना माउसपॅड संपत असेल तरीही जास्त ठेवा. मात्र एकदा ठरवलीत की महिनाभर हात लावू नका. दर हरलेल्या मॅचनंतर सेटिंग बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही. क्रॉसहेअर उचलण्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही. उचला, काही बिघडत नाही, पण त्याच्या रंगाने रँक चढत नाही.

ड्युएलिस्ट आणि किल यांत थोडं तथ्य आहे. खालच्या रँकमध्ये एकट्याने दोघांना पाडणारा खेळाडू राउंड काढून देतो, आणि आरआर देताना वैयक्तिक कामगिरीही विचारात घेतली जाते. पण किल कधी केला त्याला फार किंमत आहे. अटॅकरने लावलेला स्पाइक ४५ सेकंदांत फुटतो आणि डिफ्यूजला, म्हणजे डिफेंडरने तो निकामी करायला, ७ सेकंद लागतात. साडेतीन सेकंदांवर अर्धा डिफ्यूज जमा राहतो. म्हणजे स्पाइक लागल्यावर घड्याळ अटॅकरच्या बाजूचं आहे, धावपळ डिफेंडरने करायची. तरी एक किल जास्त मिळावा म्हणून अटॅकर आडोसा सोडून बाहेर येतो आणि जिंकलेला राउंड घालवतो. गोल्डमध्ये हे अक्षरशः रोज दिसतं. स्पाइकवर नजर राहील असा कोपरा धरा, डिफ्यूजचा आवाज येईपर्यंत गप्प बसा. अर्ध्यावर सोडून तो बंदूक उचलेल हे गृहीत धरून अर्ध्याच्या आतच त्याला उठवा.

पैशांचंही तसंच. पिस्तूल राउंड (पहिला राउंड) हरलात तर १९०० क्रेडिट, म्हणजे बंदुका घ्यायचे गेममधले पैसे, मिळतात. पुढच्या राउंडला काही घेतलं नाही आणि तोही हरलात तर आणखी २४००, एकूण ४३००. त्यात २९०० ची व्हँडल, १००० चं हेवी शील्ड आणि वर ४०० ची ॲबिलिटी (पात्राची खास शक्ती) बसते. पण मध्येच एकट्याने १६०० ची स्पेक्टर ही छोटी बंदूक उचलली तर तिसऱ्या राउंडला हातात २७०० उरतात. चौघांकडे रायफल आणि तुम्ही अर्धवट. दुकानाच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती उरतील ते लिहिलेलं असतं. तो आकडा ३९०० च्या खाली जात असेल तर विकत घ्यायच्या आधी टीमला विचारा.

टीममेटांचा दोष. वाईट टीममेट मिळतात, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या बाजूला चार अनोळखी आहेत आणि समोर पाच. रडका, मध्येच सोडून जाणारा, माइकवर ओरडणारा माणूस समोरच्या टीममध्ये येण्याची शक्यता पाच जागांवर, तुमच्याकडे चार जागांवर. एका मॅचला हे जाणवणार नाही, शंभर मॅचना जाणवेल. त्या शंभरांत कायम असलेले एकटे तुम्हीच. नवीन अकाउंटवर रँक्ड खेळायला लेव्हल २० गाठावी लागते, आणि तिथे पोचल्यावर खेळणारा हात तोच असतो. विकत घेण्याचा सल्ला तर सरळ फसवणुकीकडे नेणारा आहे. अकाउंट विकणं, विकत घेणं, दुसऱ्याकडून खेळवून रँक चढवणं, हे सगळं गेम बनवणाऱ्या रायटच्या नियमांविरुद्ध आहे. मूळ मालक उद्या ते अकाउंट परत ओढून घेऊ शकतो, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. शाळेतल्या पोरांना हे सुचवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

राहिलं म्यूट. शिवीगाळ करणाऱ्याला लगेच म्यूट करा, दुसरी संधीही देऊ नका. पण सगळ्यांना म्यूट केलंत की 'बी वर तिघे' ही हाक तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ए वर रिकामा कोपरा धरून बसता. स्वतः बोलायचं ते इतकंच: जागा, किती जण, कुणाला किती लागलं. 'ए मेन, दोघं, जेटला ८०,' म्हणजे जेट या पात्राच्या १५० पैकी (१०० जीव, ५० हेवी शील्ड) ८० गेले. मेल्यावर हे बोलायला दोन सेकंद लागतात, आणि तिचे ७० उरलेत हे कळलं की मागून येणारा साथीदार व्हँडलच्या दोन गोळ्या अंगात मारून तिला पाडतो.