‘जगात फक्त ताकद चालते, गोवा बघा’ : नाही, गोवा नीट बघितला तर उलटंच दिसतं

एक मजकूर सध्या खूप शेअर होतोय. राज्यशास्त्र घेऊन स्पर्धा परीक्षा देणारी मुलंही तो जसाच्या तसा पुढे पाठवतायत म्हणून हे लिहायला घेतलं. त्याचा सारांश असा: आंतरराष्ट्रीय संबंधांतला सामाजिक रचनावाद म्हणजे ‘सगळं डोक्यात असतं’ म्हणणारी थिअरी. ती भाबड्या शांततावाद्यांची आहे. देशांचे मित्र-शत्रू बदलतात पण स्वार्थ कायम राहतात. गोवा आपण १९६१ साली रणगाडे घालून घेतला, कोणी काही करू शकलं नाही, म्हणजे शेवटी ताकदच खरी. युक्रेनने तर ही थिअरी गाडलीच. आणि वर, तिला कधी कसलं भाकीत करता आलेलं नाही.

एकेक मुद्दा घेतो. गोव्यावर जास्त वेळ घालवणार आहे कारण ते उदाहरण आपलं आहे आणि तेच सगळ्यात चुकीचं वापरलंय.

पहिला मुद्दा, ‘सगळं डोक्यात असतं’. असं कोणीच म्हटलेलं नाही. निकोलस ओनुफ यांनी १९८९ साली या विचाराला नाव दिलं, अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ च्या लेखातून तो सगळीकडे पोचवला, दोघांपैकी कोणीही बंदुका, पैसा, लोकसंख्या खोटी आहे असं म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की शस्त्र स्वतःहून काही सांगत नाही, ते कोणाच्या हातात आहे आणि त्या माणसाशी आपलं नातं काय आहे यावर ते धोका आहे की नाही हे ठरतं. वेंट यांचंच उदाहरण आहे: ब्रिटनकडच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाकडची पाच अमेरिकेला जास्त घाबरवतात. नुसती ताकद मोजायची असती तर वॉशिंग्टनची झोप लंडनमुळे उडाली असती.

आणि ‘सगळ्यांच्या मानण्यावर उभं’ म्हणजे ‘खोटं’ नव्हे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आपल्या खिशातली पाचशेची नोट तीच होती, कागद तोच, शाई तीच, तरी तिची किंमत गेली, आणि तुम्ही एकट्याने कितीही मनाशी म्हटलं की माझ्यासाठी ही चालूच आहे तरी दुकानदाराने ती घेतली नसती. सार्वभौमत्व, सीमा, देशाची मान्यता, सगळं याच जातीचं आहे. एकट्याच्या इच्छेने ते हलत नाही म्हणूनच ते पक्कं आहे, आणि सगळे मिळून बदलतात तेव्हा बदलतंही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि पोस्ट लिहिणाऱ्याने त्यातली एकच ऐकलीये.

आता स्वार्थ कायम असतात वगैरे. हे मूळचं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामरस्टन यांचं, १८४८ साली संसदेत केलेलं विधान, तिथून ते सगळ्या भाषांत फिरतंय. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण हा ‘स्वार्थ’ ठरवतं कोण आणि कशावरून? १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, अजून स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तेव्हा, आणि तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७४ साली आपण डेव्हिस कपच्या फायनलमध्ये पोचलो होतो, समोर दक्षिण आफ्रिका, आणि आपण न खेळता कप सोडून दिला. व्यापार बुडतोय, कप जातोय, यात ताकदीच्या हिशोबाने काय मिळालं? पण आपण कोण आहोत, म्हणजे गुलामीतून बाहेर पडणारा, वर्णभेद न मानणारा देश, हे एकदा ठरलं की आपल्या हिताचं काय हेही त्यातूनच ठरतं. रचनावादाचा हाच गाभा आहे, हित आधी आणि ओळख नंतर असं नसतं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले. शीतयुद्ध चालू होतं, दक्षिण आफ्रिका कम्युनिस्टविरोधी होती, खनिजं होती, म्हणजे ‘कायमचा स्वार्थ’ सगळा उलट बाजूला होता, तरी.

आता गोवा.

पोस्टमधलं वाक्य आहे की ताकद होती म्हणून घेतला. मान्य, ताकद होती. पण ती १९६१ सालीच आली का? सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत भारतीय फौजा शिरल्या होत्या, तेव्हाही गोव्यातली पोर्तुगीज शिबंदी आपल्यापुढे किरकोळच होती. मग स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षं कशाला थांबलो? १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले, त्यात महाराष्ट्रातली कितीतरी माणसं होती, गोळीबार झाला, वीसहून जास्त लोक गेले, आणि तरीही दिल्लीने सैन्य पाठवलं नाही. नेहरूंच्या सरकारने जगापुढे भारताची जी प्रतिमा उभी केली होती, वाद बोलून सोडवणारा देश अशी, ती स्वतःच्याच हाताने मोडायची तयारी नव्हती. ते बरोबर होतं की चूक यावर भांडायला मी तयार आहे (माझ्या मते १९५५ नंतर इतकं थांबणं गोव्यातल्या लोकांवर अन्याय होता), पण ताकदीच्या गणितात ही चौदा वर्षं बसतच नाहीत.

त्या चौदा वर्षांत बदललं काय? रणगाड्यांपेक्षा वसाहत या गोष्टीचा अर्थ जास्त बदलला. पोर्तुगालला हे कळत होतं, म्हणून तर १९५१ मध्ये त्यांनी घटनाच बदलली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात तोच ‘प्रांत’ शब्द येऊ दिला आणि भारतात संताप उसळला. नुसत्या शब्दांना काही किंमत नसती तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने घटनेला हात कशाला लावला असता आणि आपण कशाला चिडलो असतो? मग १९६० चं वर्ष आलं, आफ्रिकेतले देश धडाधड स्वतंत्र होऊन संयुक्त राष्ट्रांत आले, १४ डिसेंबरला महासभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला, विरोधात एकही मत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी वेगळ्या ठरावात पोर्तुगालच्या वसाहतींची यादी दिली, त्यात गोवा होता. म्हणजे लिस्बन ‘प्रांत’ म्हणत राहिलं आणि जगाने ‘वसाहत’ म्हटलं.

बरोबर एका वर्षाने भारतीय सैन्य आत गेलं. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला, बाजूने सात मतं, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला, हे सगळे सांगतात आणि ते महत्त्वाचं आहेच. पण उरलेली तीन विरोधी मतं कोणाची होती? सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). यातल्या कोणाकडे भारताला वाचवायची ताकद नव्हती, त्यांच्याकडे होता तो एक सामायिक अर्थ, की हे आक्रमण नाही, हा वसाहतीचा शेवट आहे. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांनीही तिथे नेमकं हेच मांडलं. आमचं सैन्य मोठं आहे असं कोणी म्हणत बसलं नाही.

यावर लगेच उत्तर येतं की हा सगळा मुलामा, मुळात पोर्तुगाल दुबळा होता म्हणून जमलं. ठीक आहे, मग तोच पोर्तुगाल घ्या आणि दुसरी वसाहत घ्या.

डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर घेतला. पोर्तुगीज वसाहत, शेजारचा प्रचंड मोठा देश, सैन्यात कसलीच बरोबरी नाही, वर शीतयुद्धात पाश्चात्त्य देश इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या बाजूने. ताकदीच्या हिशोबाने गोव्यापेक्षाही सोपं प्रकरण. आणि झालं काय? त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने एकमताने सैन्य मागे घ्यायला सांगितलं. संयुक्त राष्ट्रांनी ते विलीनीकरण कधीच मान्य केलं नाही, नकाशावर इंडोनेशियाने काही लिहिलं तरी तिमोर त्यांच्या वसाहतींच्या यादीवर राहिला, पोर्तुगाल स्वतः तिमोरींच्या स्वयंनिर्णयासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९९९ च्या मतदानात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियात राहायला नकार दिला आणि २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. तिकडे गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने सालाझारशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात लिहून दिलं, विषय संपला.

दोन्हीकडे पोर्तुगीज वसाहत, दोन्हीकडे मोठा शेजारी सैन्य घेऊन आत. एका ठिकाणी मुक्ती, दुसऱ्या ठिकाणी कब्जा. फरक तोफांच्या संख्येत शोधून सापडणार नाही. तिमोरमध्ये स्वातंत्र्याची घोषणा आधीच झाली होती, लोक लढत होते, वसाहत जाऊन दुसरा मालक आला असाच त्याचा अर्थ लागला. हे लिहिताना एक गोष्ट लपवायची नाहीये, इंडोनेशियाने चोवीस वर्षं तो भाग जबरदस्तीने ताब्यात ठेवला, प्रचंड माणसं मेली, आणि १९९७-९८ चं आर्थिक संकट येऊन सुहार्तो पडले नसते तर मतदान कधी झालं असतं सांगता येत नाही. ताकदीने जमीन मिळते, टिकतेही बरीच वर्षं. पण ती ‘आपली’ म्हणून जगाने मानणं हे ताकदीने मिळत नाही, आणि त्या न मानण्याची किंमत इंडोनेशियाने शेवटी मोजली.

पुढचा मुद्दा शांततावादाचा, आणि युक्रेनही त्यातच घेतो कारण ते एकच आहे. रचनावाद माणसं चांगली असतात असं म्हणत नाही. ओळख घडते म्हणतो, आणि घडलेली ओळख विषारीही असू शकते. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असं मांडलं, सात महिन्यांनी रणगाडे निघाले. पोस्ट म्हणते कारण फक्त नाटोचा विस्तार. बरं, फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला, रशियाशी साधारण १,३४० किलोमीटर सीमा. नाटो तीच, सीमा तशीच जवळ, पण मॉस्कोने त्यावर युक्रेनसारखा थयथयाट केला नाही. त्याचं काही अंशी कारण रशियन सैन्य तेव्हा अडकलेलं होतं हे आहेच, पण मोठं कारण हे की फिनलंड ‘आपलाच तुटलेला तुकडा’ आहे असं आजच्या क्रेमलिनच्या गोष्टीत नाही आणि युक्रेन आहे. युक्रेन युद्धाने रचनावाद गाडला असं म्हणणाऱ्याने तो लेख वाचलेला नाही.

गलवानबद्दलही थोडक्यात. जून २०२० मध्ये आपले वीस जवान गेले, दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक दगड, काठ्या, खिळे ठोकलेल्या दांड्यांनी लढले. गोळी का सुटली नाही? १९९६ चा करार, प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, आणि त्यावर वर्षानुवर्षं रुळलेली सवय. नियमाने हिंसा थांबवली नाही, पण तिचं रूप ठरवलं. नियम असला की शांतता येते असं समजून बसणाऱ्यांना आणि नियम म्हणजे कागद म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं आहे.

भाकिताचं लवकर संपवतो. रचनावाद भाकितात कच्चा आहे, खरंय. पण वास्तववाद, म्हणजे ताकदच खरी मानणारी थिअरी, पक्का आहे का? त्याचे मोठे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९९३ मध्ये लिहिलं की जर्मनी आणि जपान महासत्ता होण्याच्या, अण्वस्त्रं घेण्याच्या वाटेने जातील. तीस वर्षं उलटली, दोघांकडेही अण्वस्त्रं नाहीत, पैसा आणि तंत्रज्ञान असूनही.

रचनावादावर टीका करायचीच असेल तर खरी जागा दाखवतो. नियमाचा परिणाम झाला हे सिद्ध कसं करायचं? देश एखादी गोष्ट करत नाहीत म्हणून नियम आहे आणि नियम आहे म्हणून करत नाहीत, असं गोल फिरण्याचा धोका इथे कायम असतो. अभ्यासक नीना टॅननवाल्ड यांनी अण्वस्त्रांच्या टॅबूवर, म्हणजे ती वापरायचीच नाहीत या अलिखित बंधनावर, काम करताना यावर वाट काढली ती कागदपत्रांत शिरून, बंद खोलीत लोक काय बोलत होते ते बघून. मार्च १९५३ च्या अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आणि डलेस यांचं एकमत नोंदलंय की अण्वस्त्रांभोवतीचा हा टॅबू कसाही करून मोडायला हवा. ज्यांना तो नको होता त्यांनाच तो जाचत होता, म्हणजे तो होता. पण पुढे २०१७ मध्ये सॅगन आणि व्हॅलेंटिनो या संशोधकांनी अमेरिकी नागरिकांचा सर्व्हे केला, त्यात आपले हजारो सैनिक वाचणार असतील तर इराणी शहरावर अणुबॉम्ब टाकायला बहुसंख्य लोक तयार निघाले. मग तो टॅबू नेमका कोणाच्या डोक्यात आहे, जनतेच्या की मूठभर निर्णय घेणाऱ्यांच्या, आणि निर्णय घेणारे बदलले तर तो किती टिकेल, याचं उत्तर रचनावाद्यांनी द्यायला हवं. हा प्रश्न विचारा की, मीही सोबत विचारतो.