छागलांना ‘त्या’ यादीत बसवताना

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक यादी फिरते. स्वतंत्र भारताचे पहिले पाच शिक्षणमंत्री ओळीने मुसलमान होते, १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षे खाते त्यांच्याच हातात राहिले आणि म्हणून आपल्या शाळांत मोगलांचा उदोउदो झाला, असा तिचा मथितार्थ. नावे अशी : मौलाना आझाद, हुमायून कबीर, एम. सी. छागला, फक्रुद्दीन अली अहमद, नूरुल हसन. छागलांच्या नावाला जास्तीचे तिखट-मीठ लावणारेही भेटतात. हे जिन्नांच्या हाताखाली तयार झाले, न्यायाधीश असताना नेहरूंची मर्जी सांभाळली म्हणून पुढे राजदूत आणि मंत्री झाले, आणि मंत्री झाल्यावर आपल्या समाजाची सोय पाहिली, असे ते सांगतात.

पाचही जण त्या खात्याचे मंत्री होते, हे खरे. म्हणूनच यादी खपते. पण बाकीचा मजकूर एकेक करून तपासायला घेतला की फार थोडे उरते. छागला तर मुंबईचेच, इथल्या उच्च न्यायालयात अकरा वर्षे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. त्यांच्याबद्दल तरी मराठी माणसाने असली यादी डोळे झाकून पुढे ढकलू नये.

आधी ‘पहिले पाच’ आणि ‘ओळीने’ हे दोन शब्द. आझाद फेब्रुवारी १९५८ मध्ये वारले. त्यांच्यानंतर खाते आले कालूलाल श्रीमाळींकडे, आणि ते साडेपाच वर्षे त्यांच्याकडे होते. हुमायून कबीर १९६३ साली आले, तीन महिनेही टिकले नाहीत. त्याच नोव्हेंबरात छागला आले, तीन वर्षे राहिले. फक्रुद्दीन अली अहमद जेमतेम चार महिने, १९६७ च्या निवडणुकीपर्यंत. पुढे त्रिगुण सेन, मग व्ही. के. आर. व्ही. राव, मग सिद्धार्थ शंकर राय. या तिघांची मिळून पाच वर्षे गेल्यावर १९७२ मध्ये नूरुल हसन आले. म्हणजे श्रीमाळी, सेन, राव आणि राय या चौघांना यादीतून उचलून बाजूला ठेवले आहे, आणि त्यांच्याबरोबर तीसपैकी सुमारे साडेदहा वर्षेही. चार महिन्यांचा मंत्री लक्षात राहतो आणि साडेपाच वर्षांचा विसरतो, याला नजरचूक म्हणणे मला जड जाते.

एखाद्याने म्हणावे, ठीक आहे, तीस नाही तर वीस वर्षे धरा. धरू. पण त्या काळात शाळेत काय शिकवायचे हे दिल्लीचा शिक्षणमंत्री ठरवत नव्हता. शिक्षण हा विषय तेव्हा राज्यसूचीत होता; तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या कक्षेत, गेला १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. महाराष्ट्रात गरीब घरातल्या मुलांना ई. बी. सी. सवलत, म्हणजे फीमाफी, मिळाली ती राज्याचे तेव्हाचे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांच्यामुळे, दिल्लीतल्या कुणामुळे नव्हे. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ निघाले, ज्याला आपण सगळे बालभारती म्हणतो, तेही राज्याचेच. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास वाचून मोठ्या झालेल्या माणसाने ‘आम्हाला शाळेत फक्त मोगल शिकवले’ असा निरोप पुढे पाठवावा, याची मला खरोखर गंमत वाटते. पाठ्यपुस्तके काढणारी केंद्राची संस्था एन. सी. ई. आर. टी. १९६१ साली निघाली, म्हणजे श्रीमाळींच्या काळात. तिची इतिहासाची पुस्तके छागलांच्या काळात येऊ लागली हे मान्य, आणि त्या पुस्तकांवर वाद घालायलाही हरकत नाही. पण तो वाद पुस्तकाचे पान उघडून घालावा. मंत्र्याचे नाव वाचून नव्हे.

आता जिन्ना. महंमद करीम छागला १९०० साली मुंबईत एका खोजा व्यापारी घरात जन्मले, सेंट झेवियर्समध्ये शिकले, ऑक्सफर्डला गेले, बॅरिस्टर होऊन १९२२ मध्ये परत आले आणि जिन्नांच्या चेंबरमध्ये काम करू लागले. हे सगळे खरे. पण जिन्नांचे साल कोणते ते पाहायला नको? विसाच्या दशकातले जिन्ना म्हणजे हिंदू-मुस्लिम ऐक्याचे वकील म्हणून ओळखले जाणारे, मुंबई बारचे बडे प्रस्थ. १९१६ मध्ये टिळकांवर राजद्रोहाच्या भाषणांवरून जामीनकीचा खटला झाला तेव्हा उच्च न्यायालयात टिळकांची बाजू मांडून त्यांना सोडवणारे बॅरिस्टर हेच. जिन्नांशी संबंध हाच गुन्हा मानायचा, तर आरोपीच्या पिंजऱ्यात गर्दी होईल.

शिवाय छागला त्यांना सोडून गेले, तेही लवकर. १९२८ मध्ये नेहरू अहवाल आला. मोतीलालजींच्या समितीचा हा अहवाल मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना नकार देणारा होता. छागलांनी त्याला पाठिंबा दिला, जिन्ना विरोधात गेले, आणि गुरुशिष्यांची वाट तिथे तुटली. पाकिस्तानच्या ठरावाला तेव्हा अजून बारा वर्षे होती. पुढे आयुष्यभर छागला द्विराष्ट्रवादाच्या विरोधात बोलत राहिले, आणि १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत काश्मीरवर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भुत्तो यांना उत्तर देण्यासाठी भारताने पाठवले ते शिक्षणमंत्री छागलांनाच. निरोप लिहिणाऱ्याला हे कळलेले दिसत नाही, किंवा कळून सोयीचे वाटलेले नाही.

सर्वांत रंजक आरोप ‘नेहरूंची मर्जी’ हा आहे, कारण तो थोडासा खऱ्याच्या जवळून जातो आणि नेमका चुकीच्या दारावर जाऊन थाप मारतो.

छागला १९४१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुख्य न्यायमूर्ती. त्या खुर्चीवर कायम नेमणूक झालेले पहिले भारतीय. तिथल्या त्यांच्या कामाची एक खूण आजही मुंबईत फोर्टमध्ये जाऊन वाचता येते. १९०८ मध्ये ज्या दालनात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या बाहेर त्यांच्या उद्गारांची शिला बसवली आहे. ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असे ठणकावणारे ते उद्गार. ती शिला टिळक जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये बसली आणि तिचे अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती छागलांनी. एखाद्या न्यायालयाने आपल्याच जुन्या निकालाविरुद्ध आरोपीची बाजू दगडात कोरून दारात लावावी, असे फार ठिकाणी घडलेले नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले तेव्हा राजभवनात हंगामी राज्यपाल म्हणूनही छागलाच होते. दादरा-नगरहवेलीवरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, तिथे भारतातर्फे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश म्हणून तेच बसले आणि १९६० च्या निकालाला त्यांनी भिन्नमत जोडले.

आणि मुंध्रा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंध्राच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत वाभाडे काढल्यावर सरकारने एकसदस्य चौकशी आयोग नेमला : छागला. त्यांनी चौकशी मुंबईत उघडपणे चालवली. लोक इतके लोटले की आत जागा पुरेना, बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थसचिव, महामंडळाचे बडे अधिकारी असे सगळे साक्षीला उभे राहिले. कामकाज आटोपून अहवाल फेब्रुवारी १९५८ मध्ये बाहेर आला, तोही काही आठवड्यांत. आपल्या सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, हा त्याचा रोख होता, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले. टीटीके नेहरूंच्या अगदी विश्वासातले. पंतप्रधानाची मर्जी सांभाळायची ही पद्धत असेल, तर ती जरा महागडीच म्हणायची.

पण इथेच छागलांवरचा खरा आक्षेप सुरू होतो, आणि तो निरोपवाल्यांना माहीतच नाही. कायदे आणि न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या पहिल्या विधी आयोगाचे छागला सदस्य होते. अध्यक्ष होते देशाचे तेव्हाचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड. आयोगाच्या १९५८ च्या चौदाव्या अहवालात स्वच्छ शिफारस आहे की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारची नोकरी स्वीकारू नये. अहवालावर छागलांची सही आहे. आणि त्याच वर्षी, न्यायालय सोडता सोडता, छागला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला निघाले. ते उच्च न्यायालयाचे होते, सर्वोच्च न्यायालयाचे नव्हते, अशी पळवाट काढता येईल. पण तत्त्व तेच आहे आणि ते त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? सेटलवाडांना हे चांगलेच लागले आणि त्यांनी आत्मचरित्रात ते बोचऱ्या शब्दांत नोंदवून ठेवले. मुंध्रा अहवालाने दाखवलेला बाणेदारपणा आणि राजदूतपदाची ही घाई एकाच वर्षातली, एकाच माणसाची. माझ्या मते छागलांच्या कारकिर्दीवरचा सगळ्यांत मोठा डाग हाच. आज एखादा न्यायाधीश निवृत्त होताच राज्यसभेत जातो किंवा राजीनामा देऊन लोकसभेला उभा राहतो, तेव्हा त्याचे समर्थक छागलांचा दाखला देऊ शकतात, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. त्यांच्यावर तुटून पडायचेच असेल तर इथे पडावे. त्यात धर्म कुठे येत नाही, ही मात्र अडचण.

वॉशिंग्टननंतर लंडनला उच्चायुक्त, मग १९६३ मध्ये मंत्रिमंडळ. तिथे ‘आपल्या समाजाची सोय’ त्यांनी कशी पाहिली?

अलिगढचे उदाहरण पुरे आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठात प्रवेशाच्या प्रश्नावरून दंगा झाला, कुलगुरू अली यावर जंग यांना जबर मारहाण झाली. छागलांनी अध्यादेश आणला, मागोमाग कायदा दुरुस्त केला आणि विद्यापीठाच्या ‘कोर्ट’ नावाच्या मंडळाचे सर्वोच्च अधिकार काढून घेतले. हे विद्यापीठ संसदेच्या कायद्याने निर्माण झाले आहे, ती अल्पसंख्याकांची संस्था नव्हे, ही त्यांची भूमिका. देशभरातल्या मुस्लिम संघटना त्यांच्यावर उखडल्या, त्यांना समाजाचा शत्रू ठरवण्यापर्यंत मजल गेली. दुरुस्तीविरुद्धचा अझीझ बाशा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. तो निकाल पुढे सत्तावन्न वर्षे उभा राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यातला कायद्याचा आधार बाजूला केला. म्हणजे अलिगढच्या अल्पसंख्याक दर्जाविरुद्ध जी भूमिका आज मोठ्या आवाजात मांडली जाते, ती पहिल्यांदा सरकारी धोरण म्हणून ठामपणे मांडणारा मंत्री छागला होता. आणि तीच बाजू घेणारे लोक त्याला ‘त्या पाचां’त मोजतात.

हे सांगताना दुसरी बाजू लपवायची नाही. बनारस हिंदू विद्यापीठाच्या नावातला ‘हिंदू’ शब्द काढण्याचा खटाटोपही त्याच वर्षी, त्यांच्याच खात्यातून झाला आणि विरोध इतका झाला की तो बारगळला. विद्यापीठाच्या नावात कुठलाच धर्म नको, अलिगढच्याही नको नि काशीच्याही नको, असे त्यांना वाटे. हा हेका मला पटत नाही. मालवीयजींनी उभारलेल्या संस्थेच्या नावाला इतिहास आहे, अलिगढच्याही आहे. पण हेका दोन्हीकडे सारखा होता.

त्यांच्या काळातले सर्वांत टिकाऊ काम तर निरोपात येतच नाही : १९६४ मध्ये नेमलेला कोठारी आयोग. अध्यक्ष दौलतसिंग कोठारी, सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. दहावी, बारावी आणि मग तीन वर्षांची पदवी हा आकृतिबंध तिथून आला. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, ही मागणीही तिथलीच. तिची आठवण दर अर्थसंकल्पाला निघते आणि दरवर्षी हवेत विरते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये छागला परराष्ट्रमंत्री झाले आणि दहा महिन्यांत, सप्टेंबर १९६७ मध्ये, राजीनामा देऊन बाहेर पडले. कारण भाषा. विद्यापीठांतले शिक्षण थोड्या वर्षांत प्रादेशिक भाषांतून सुरू करायचे, असे सरकारने ठरवले होते, आणि ही घाई देशाच्या एकतेला मारक ठरेल असे त्यांचे मत होते. मराठीतून उच्च शिक्षण व्हावे असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला ते मत चुकीचे वाटते. तरी एका मतासाठी परराष्ट्र खाते सोडणारा माणूस खुर्चीसाठी मर्जी सांभाळत होता, हे कसे जुळवायचे?

ते सोडल्यावर छागला पुन्हा वकिलीत उतरले. आणीबाणी आली तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ उघडपणे तिच्याविरुद्ध बोलत होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत त्यांनी भाषण केले. मुंबईत वकिलांची एक सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली व्हायची होती, ती पोलीस आयुक्तांनी होऊ दिली नाही. उच्च न्यायालयाने पुढे तो आदेश रद्द केला.

डिसेंबर १९८० मध्ये वांद्र्याला भारतीय जनता पक्षाचे पहिले अधिवेशन भरले. पक्ष आठ-नऊ महिन्यांचा, निवडणुकीत मार खाऊन आलेला. व्यासपीठावर पाहुणे म्हणून छागला होते, आणि इंदिरा गांधींना पर्याय इथे दिसतो, वाजपेयी उद्याचे पंतप्रधान आहेत, असे त्यांनी त्या मांडवात जाहीरपणे सांगितले. पुढच्याच फेब्रुवारीत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता मुंबईत त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. वाजपेयी पंतप्रधान झाले ते १९९६ मध्ये.