ओल्या भिंतीला कोरा रंग

बंगला विकायला काढलाय? मग गच्चीच्या गळतीवर पैसे घालवू नका. घेणारा गच्चीवर सगळ्यात शेवटी जातो, आणि तेही मोबाईलला रेंज येते का बघायला. पैसा दर्शनी भिंतीवर लावा.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. पावसाळ्यात भिजलेली भिंत तोवर वरवर सुकलेली असते, आतली ओल शाबूत असते. आपलं काम वरवरचंच आहे. फारच घाई असेल तर श्रावणातल्या उघडिपीतही रंग लागतो. फुगे धरायला थोडे दिवस जातात, तेवढ्यात विसार घेऊन टाका.

जाणकार रंगारी मात्र टाळा. तो आधी सुटलेला रंग पट्टीने खरवडणार, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून वर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारणार, भिंत धुऊन वाळू देणार. भेगा व्ही आकारात खोदून क्रॅक फिलर भरणार. मग प्रायमरचा एक हात, बाहेरच्या इमल्शनचे दोन, आणि दोन हातांमध्ये चार-सहा तास नुसतं बसणार. कुठे नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा म्हणणार. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा आणि ‘एका दिवसात पुढची बाजू मारून देतो’ म्हणणारा गाठा. हा शेवाळावरच रंग चढवतो आणि भेगांत पीओपी कोंबतो. पीओपी म्हणजे शेवटी जिप्समच. पाणी लागलं की ते मऊ पडतं आणि भेग पुन्हा तोंड उघडते. पण पाऊस जूनमध्ये, खरेदीखत मार्चमध्ये! घरात उरलेली अ‍ॅक्रिलिक पुट्टीही बाहेर खपवा. ती आतल्या भिंतींसाठी असते आणि डब्यावर तसं छापलेलंही असतं, म्हणून डबा आधी भंगारात द्या.

जोत्यालगत पांढरा भुगा दिसतोय? तो लोणा. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, येताना क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून रंगाला आतून ढकलत बसतात. त्यावर ऑइलपेंट मारलात तर ओल कोंडते आणि रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. तेव्हा सरळ तीन फुटांपर्यंत दगडी क्लॅडिंग करा, म्हणजे भिंतीवर दगडी टाइल चिकटवा. ‘एलिव्हेशन’ सुधारतं, चार पैसे जास्त मागता येतात. कोंडलेली ओल आता टाइलच्या वर, चौथ्या फुटावर उगवेल, पण तो फूट पुढच्या मालकाच्या वाट्याचा.

सज्जाच्या सांध्यातला पिंपळ नुसता छाटा. मुळासकट काढायचा तर गिलावा फोडावा लागतो, आणि फोडलं की आत काय काय आहे ते तुम्हालाही कळतं. छाटलेला पिंपळ नव्या जोमाने फुटतो, त्याला थोडा वेळ लागतो एवढंच.

गेटच्या गंजावर थेट काळा ऑइलपेंट. घासकाम आणि रेड ऑक्साइड हे चोचले राहत्या घराचे. शेवंतीच्या फुललेल्या कुंड्या भिंत जिथे सगळ्यात वाईट आहे तिथे मांडा. दारावरच्या मोठ्या भेगेवर गणपतीची टाइल बसवा, तिच्यामागे बोट घालायची कोणाची छाती होत नाही.

एक किरकोळ बाब राहिली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम ५५ म्हणतं, की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायचा, आणि न सांगणं ही लबाडी. भेग उघडी होती तोवर ती बघणं गिऱ्हाइकाचं काम होतं. तुम्ही पदरचे पैसे खर्चून ती बुजवलीत आणि सांगायची जबाबदारी स्वतःवर घेतलीत. रंगारी स्वस्तात मिळाला, असं वाटत होतं ना?

गिऱ्हाइकाबरोबर मामा आले तर त्यांना हॉलमध्येच बसवून ठेवा. मामा किल्लीने भिंत ठोकत फिरतात. गिलावा विटेपासून सुटलेला असेल तिथे आवाज बद्द येतो, आणि आवाजावर मारायचा रंग अजून बाजारात आलेला नाही. ‘छान आहे, जुलैत परत एकदा बघून जातो,’ असं मामा म्हणाले, की निमूटपणे दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.