बॉल-बेअरिंगची चाकं लावली की इंजिन दुप्पट डबे ओढतं?

मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतो. सगळ्या डब्यांची जुनी चाकं काढा, बॉल-बेअरिंगची (दोन कड्यांमधल्या छोट्या गोळ्यांवर फिरणारी) बसवा. मग इंजिन दुप्पट डबे ओढेल, डबे रुळावरून उतरणार नाहीत, आतल्या दिव्यांना अखंड वीज मिळेल आणि तेल घालायची कटकट कायमची संपेल. पुरावा म्हणून बहुतेक वेळा एक व्हिडिओ जोडलेला असतो. टिचकी मारलेलं चाक त्यात फिरतच राहतं. बेअरिंग ही चांगली वस्तू आहे आणि योग्य डब्याखाली तिचा फायदा मोठा आहे. पण हा सल्ला जसाच्या तसा मानला तर बराच पैसा भलत्याच ठिकाणी जातो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

सुरुवात त्या टिचकीपासून करू. हवेत अधांतरी फिरणाऱ्या चाकावर भारच नसतो. त्यामुळे डब्याखाली गेल्यावर ते कसं चालेल, हे त्यावरून कळत नाही. ग्रीस धुऊन काढलेलं कोरडं बेअरिंग सगळ्यात जास्त वेळ फिरतं आणि सगळ्यात लवकर खराबही होतं. खरी परीक्षा घरच्या घरी होते. मीटरभर सरळ रूळ एका सपाट फळीवर पक्का करा, डबा नेहमीच्या वजनासह त्यावर ठेवा आणि फळीच्या एका टोकाखाली पातळ पट्ट्या सरकवत जा. दर वेळी डब्याला बोटानं किंचित ढकला. ज्या उंचीला तो न थांबता संथपणे चालत राहतो, ती मोजा. टोक 20 मिलिमीटर उचलावं लागलं तर त्या डब्याचा रोध, म्हणजे चालताना होणारा अडथळा, त्याच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के आहे. हा एक आकडा हातात असला की पुढचं सगळं सोपं होतं.

आता ‘दुप्पट डबे’. उदाहरणादाखल जी स्केलचा, म्हणजे बागेत चालवतात त्या मोठ्या मापाचा, 2 किलोचा डबा घेऊ. प्लास्टिकच्या भोकात फिरणारी साधी धुरा (दोन चाकांना जोडणारा दांडा) असेल तर 2 टक्के रोध म्हणजे 40 ग्रॅमची ओढ. बेअरिंग लावून रोध अर्ध्या टक्क्यावर आला तर ओढ 10 ग्रॅम. सपाट, सरळ रुळावर हा फरक चौपट आहे. तिथे ‘दुप्पट’ हा शब्द उलट कमीच पडतो, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण त्याच गाडीला 3 टक्क्यांचा चढ द्या. चढावर प्रत्येक डब्याला 60 ग्रॅम जास्तीची ओढ लागते, ती गुरुत्वाकर्षणाची. बेअरिंगचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. जुन्या डब्याला आता 100 ग्रॅम लागतात, नव्याला 70. इंजिन 4 किलोचं आणि त्याची चाकं घसरण्याआधीची ओढ 1 किलो धरली, तर स्वतःला चढवण्यातच त्याचे 120 ग्रॅम जातात. उरलेल्या 880 ग्रॅममध्ये जुने 8 डबे चढतात, बेअरिंगचे 12. हा फायदाही चांगलाच आहे, पण दुप्पट नाही. चढ जितका तीव्र, तितका फरक कमी. आणि गाडीची लांबी ठरते ती लेआउटवरच्या, म्हणजे आपण मांडलेल्या रूळमार्गावरच्या, सगळ्यात अवघड जागी. तुमचं इंजिन चढावर चाकं घसरवत असेल तर त्या चढाचा उतार कमी करा, नाहीतर इंजिनात वजन भरा. चाकांचा विचार त्यानंतर.

वळणावर बेअरिंग कुठे बसवलं आहे याला फार महत्त्व येतं, आणि या सल्ल्यात नेमकं तेच सांगितलेलं नसतं. दोन्ही चाकं एकाच धुरेवर घट्ट असतील तर वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. 45 मिलिमीटरच्या गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) पूर्ण गोल फेरीत हा फरक सुमारे 283 मिलिमीटर येतो, मग वळणाची त्रिज्या कितीही असो. लहान त्रिज्येत तो थोड्या अंतरात उरकावा लागतो, म्हणून ओढ जास्त जाणवते. खऱ्या रेल्वेत चाकाचा निमुळता उतार हा फरक बऱ्याच अंशी सांभाळतो. आपल्या 60 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणाला तो पुरत नाही, त्यामुळे एक चाक घासत जातं. धुरेच्या टोकांना बेअरिंग बसवून हे घासणं थांबत नाही. त्यासाठी बेअरिंग चाकाच्या पोटात हवं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र फिरतं. दोन्ही प्रकार ‘बॉल-बेअरिंगची चाकं’ याच नावानं खपतात. घेण्याआधी एक चाक धरून दुसरं फिरवून बघा.

एचओ आणि एन या लहान स्केलवाल्यांनी तर या सल्ल्याच्या वाटेलाच जाऊ नये. त्यांच्या बहुतेक डब्यांची धुरा टोकाला सुईसारखी असते आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या शंकूत टेकते. घर्षण होतं ते जवळजवळ मध्यबिंदूशी, म्हणून रोध मुळातच किरकोळ असतो. डबा जड चालत असेल तर शंकूत कचरा किंवा प्लास्टिकचे तंतू अडकलेले असतात, नाहीतर धुरेची लांबी चुकलेली असते. शंकू साफ करून योग्य लांबीच्या धातूच्या चाकजोड्या बसवल्या की काम होतं.

‘डबे उतरणार नाहीत’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. लांब गाडी वळणावर ताणली गेली की मधले हलके डबे आतल्या बाजूला आडवे होतात. ओढ कमी झाली की हा ताणही कमी होतो. पण उतरण्याची नेहमीची कारणं वेगळी आहेत. दोन चाकांमधलं आतलं अंतर चुकलेलं असतं, रुळाचा सांधा वर-खाली झालेला असतो, डबा फार हलका असतो किंवा कपलिंग अडकत असतं. चाकांचं अंतर मोजायचं गेज लावून तपासलं की यातलं बरंचसं सापडतं. शिवाय प्लास्टिकच्या चाकांच्या जागी धातूची बेअरिंगवाली चाकं आली की एकदम तीन गोष्टी बदलतात: चाकाचा धातू, तळाचं वजन आणि बेअरिंग. डबा स्थिर चालायला लागतो तो बऱ्याचदा पहिल्या दोन कारणांनी, श्रेय मात्र तिसऱ्याला मिळतं. एका डब्याला साधी धातूची चाकं लावून पाहा, मग ठरवा.

उताराचा तर या सल्ल्यात उल्लेखच नसतो. आपल्या डब्यांना ब्रेक नाहीत. हलक्या चालीचे दहा-बारा डबे उतारावर इंजिनाला मागून ढकलायला लागतात, गाडी हिसके देते आणि सांध्यावर मधला डबा वर उचलला जातो. साईडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळावर) सोडलेला डबा अर्ध्या टक्क्याच्या उतारावरही आपोआप चालू लागतो.

खऱ्या रेल्वेचा दाखला हमखास दिला जातो. 1930 मध्ये टिमकेन कंपनीनं रोलर बेअरिंगचं 1111 क्रमांकाचं इंजिन अमेरिकेत फिरवलं होतं. तीन स्त्रियांनी ते ओढून दाखवल्याची जाहिरात गाजली. पण तेलाच्या थरावर चालणारी साधी बेअरिंगं वेगात आल्यावर फारशी जड नसत. फरक मोठा होता तो गाडी जागची हलवताना. मालडब्यांच्या बाबतीत रेल्वेला सगळ्यात जास्त सुटका हवी होती ती बेअरिंग तापून पेट घेण्यापासून. आपल्या लेआउटवर तो प्रश्नच नाही. आणि त्या डब्यांना ब्रेक होते.

विजेचं म्हणाल तर रुळातली वीज बेअरिंगमधून दिव्यांपर्यंत नेणं हा मुळातच कच्चा मार्ग आहे. गोळ्या आणि कडी यांच्यामध्ये ग्रीसचा थर असतो, संपर्क तुटक राहतो आणि ठिणग्यांनी पृष्ठभागावर खड्डे पडतात. म्हणूनच विजेच्या खऱ्या इंजिनांत परतीचा प्रवाह धुरेवरच्या वेगळ्या ब्रशमधून नेतात. तुमच्या चाकजोडीतही वीज घेणारा वेगळा ब्रश किंवा पत्ती आहे का, ते पाहा.

तेलपाणी संपतं हेही खरं नाही, विशेषतः बागेतल्या रुळांवर. धातूची झाकणं धूळ पूर्ण अडवत नाहीत. रबरी सील अडवतात, पण ते कड्याला घासतात, आणि एवढ्याशा बेअरिंगमध्ये तो रोध गोळ्यांच्या रोधापेक्षा जास्त भरू शकतो.

मग बेअरिंग कुठे लावावं? दिव्यांचे प्रवासी डबे पहिले, कारण वीज घेणाऱ्या पत्त्या आधीच चाकांना घासून ओढ वाढवतात. तिथे वेगळा ब्रश असलेली बेअरिंगची चाकजोडी पैसे वसूल करून देते. नंतर सपाट मार्गावरच्या लांब मालगाडीतले जड डबे, फळीवरच्या परीक्षेत सगळ्यात वाईट निघालेले आधी. साईडिंगला सुटे उभे करायचे डबे मात्र साध्या धातूच्या चाकांवरच राहू द्या.