'आपल्यालाही एक पिनोशे हवा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री आजोळच्या ग्रुपवर मामांनी एक लांबलचक मेसेज टाकला. हाच मेसेज मला आधी ऑफिसच्या ग्रुपवर आला होता, मग सोसायटीच्या, दोन्ही वेळा मी तो सोडून दिला. पण मामा म्हणजे मला बोटाला धरून बँकेत नेऊन पहिलं खातं उघडून देणारा माणूस, छत्तीस वर्षं सरकारी बँकेत काढली, व्हाउचरवर सही करताना आकडा दोनदा वाचायचे. त्यांनी हे न तपासता पुढे पाठवलं आणि खाली चौघांनी अंगठे दिले, म्हणून आता बसून लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: चिली हा भिकेला लागलेला देश होता, आयेंदे नावाच्या कम्युनिस्टाने तो बुडवला, मग जनतेनेच लष्कराला हाक मारली, जनरल पिनोशेने १७ वर्षं कडक हाताने कारभार केला, मूठभर अतिरेकी मारले, देश लॅटिन अमेरिकेत सगळ्यात श्रीमंत केला, स्वतः एक पैसा खाल्ला नाही, आणि काम झाल्यावर स्वतःहून खुर्ची सोडली. शेवटी 'आपल्यालाही असाच एक हवा, शेअर करा'.

पहिला मुद्दा, आयेंदेने, म्हणजे १९७० ला निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने, देश बुडवला. यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. १९७३ मध्ये महागाई ५०० टक्क्यांच्या वर होती, सरकार तूट भरायला नोटा छापत होतं, दुकानांपुढे रांगा होत्या. पण मामा, ताळेबंद वाचताना तुम्ही एकच बाजू वाचत होतात का? चिलीची निर्यात म्हणजे तांबं. मोठ्या खाणी अॅनाकोंडा आणि केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांच्या, मशीनचे सुटे भाग अमेरिकेतून, कर्जही तिथूनच. जुलै १९७१ मध्ये चिलीच्या संसदेने या खाणी सरकारी केल्या, तेही एकमताने, म्हणजे आयेंदेच्या विरोधकांनीसुद्धा बाजूने मत दिलं. आणि त्याच काळात तांब्याचा भाव घसरला.

आता अमेरिकेच्या सिनेटनेच नेमलेल्या चर्च समितीचा (सिनेटर फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष) १९७५ चा अहवाल बघा, कुठल्या डाव्या पक्षाचं पत्रक नाही ते. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सनबरोबरच्या १५ सप्टेंबर १९७० च्या बैठकीत सीआयएच्या प्रमुखाने काढलेली टिपणं त्यात आहेत, त्यातली एक ओळ अशी की चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंचाळायला लावा. आयेंदे तेव्हा राष्ट्राध्यक्ष झालासुद्धा नव्हता! अमेरिकेची थेट मदत १९६९ ला ३.५ कोटी डॉलर होती ती १९७१ ला १५ लाखांवर आली. जागतिक बँकेने त्या तीन वर्षांत एक नवीन कर्ज दिलं नाही. १९७२ च्या अखेरीस चुकिकामाता या सगळ्यात मोठ्या खाणीतले जवळपास एक तृतीयांश डिझेल ट्रक टायर आणि सुटे भाग नाहीत म्हणून उभे होते. चिलीच्या लष्कराला मिळणारी मदत मात्र चालू राहिली. पिनोशेच्या लष्करी बंडात अमेरिकेचा थेट हात होता याचा पुरावा समितीला मिळाला नाही, हेही त्याच अहवालात आहे, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण ज्याचं सगळं घर एकाच गिऱ्हाइकावर चालतं त्याचं गिऱ्हाईकच तोडलं आणि मग 'बघा याला धंदा जमत नाही' म्हटलं, तर ते अर्धंच खरं होतं.

दुसरा मुद्दा, जनतेने लष्कराला बोलावलं. ऑगस्ट १९७३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ८१ विरुद्ध ४७ मतांनी सरकारवर घटनाभंगाचा ठपका ठेवला, ट्रकवाले संपावर होते, खूप लोक खरंच कंटाळले होते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि आयेंदेच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मतं पडली, १९७० ला त्याला स्वतःला ३६ टक्केच होती. ११ सप्टेंबरला बंड झालं, लष्करी विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब टाकले आणि त्यानंतर संसदच बंद केली, ज्या संसदेने तो ठराव केला तीसुद्धा. आता ठपका ठेवणाऱ्यांनी कुठे जायचं?

आता 'मूठभर अतिरेकी', या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. चिलीच्या सरकारी आयोगांनी मान्य केलेला आकडा आहे ४० हजारांवर लोकांचा, त्यात ३,०६५ मेलेले किंवा बेपत्ता, बाकीचे छळ सोसलेले आणि कैदेत राहिलेले. सांतियागोजवळच्या लोनकेन गावात १९७८ मध्ये चुन्याच्या जुन्या भट्टीत १५ जणांचे सांगाडे सापडले. ते शेतमजूर आणि गावकरी होते, पोलिसांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये घरातून उचललेले, त्यात एक बाप आणि त्याची चार मुलं होती. एका घरातले पाच. आणि घरच्यांना पाच वर्षं कुणी काही सांगितलं नाही.

कालामाचं तर मी वाचून फोन बाजूला ठेवला. हे शहर आताकामाच्या वाळवंटात, चुकिकामाताच्या अगदी शेजारी. १९ ऑक्टोबर १९७३ ला राजधानीतून हेलिकॉप्टरने आलेल्या लष्करी पथकाने तिथल्या २६ कैद्यांना मारलं, त्यात खाणीत काम करणारेही होते. प्रेतं दिली नाहीत. त्यांच्या बायका, आया, बहिणी फावडी घेऊन वाळवंटात जायच्या, वर्षानुवर्षं खणत राहिल्या, आणि १९९० मध्ये त्यांना सापडले ते हाडांचे तुकडे, कारण मधल्या काळात प्रेतं उकरून दुसरीकडे हलवली होती. ज्या तांब्यावर सगळा देश चालायचा ते तांबं काढणाऱ्यांच्या बायका त्याच मातीत नवऱ्याची हाडं शोधत होत्या, आणि आपण त्याला 'मूठभर' म्हणून शेअर करतोय. मामा, आपल्या ग्रुपवर सोळा माणसं आहेत.

आता चमत्कार, मेसेजमधलं सगळ्यात लाडकं वाक्य. शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या चिलीच्या अर्थतज्ज्ञांनी (त्यांना शिकागो बॉइजच म्हणायचे) १९७५ पासून बाजार मोकळा केला, सरकारी खर्च एकदम कापला. त्याच वर्षी तांब्याचा भाव कोसळला आणि अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. पुढे काही वर्षं तेजी आली, ती बरीचशी बाहेरच्या कर्जावर. १९७९ ला डॉलरचा भाव ३९ पेसोवर बांधून टाकला, परदेशी माल स्वस्त, डॉलरमधलं कर्ज स्वस्त, सरकारने आधी विकायला काढलेल्या बँका मोठ्या उद्योगसमूहांनी घेतल्या आणि त्याच बँकांमधून स्वतःच्याच कंपन्यांना कर्जं दिली. मामा, हे तुम्हाला समजावून सांगायला नको, ज्याच्या हातात तिजोरी तोच कर्जदार! १९८२ मध्ये डॉलरचा तो बांधलेला दर तुटला, अर्थव्यवस्था पुन्हा १३ टक्क्यांच्या वर घसरली, आणि १३ जानेवारी १९८३ ला मुक्त बाजारवाल्या त्याच सरकारने देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या, काही वित्तसंस्था बंद करून टाकल्या, वर खासगी बँकांच्या परदेशी कर्जाची हमीसुद्धा सरकारनेच घेतली. रोजगार हमीसारख्या कामांवर तुटपुंज्या पैशात राबणारे धरले तर तेव्हा जवळपास ३० टक्के लोक बेकार होते. मे १९८३ मध्ये पहिला देशव्यापी निषेध पुकारला तो तांबे कामगारांच्या संघटनेने, रात्री लोक घराघरांतून भांडी वाजवत होते.

१९८५ नंतर गाडी रुळावर आली, हेही खरं आहे आणि मी ते मान्य करते. फळं, लाकूड, मासळी अशी निर्यात वाढली, महागाई आटोक्यात आली. पण १९९० ला पिनोशेने सत्ता सोडली तेव्हा जवळपास ३९ टक्के लोक गरिबीत होते, आणि लोकांनी निवडलेल्या सरकारांच्या पुढच्या दहा वर्षांत तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. श्रीमंतीचं श्रेय वाटायचंच असेल तर हा हिशोब कुठे लिहायचा?

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याला बहुतेक माहीतच नाही. आयेंदेने सरकारी केलेल्या तांब्याच्या खाणी पिनोशेने परत दिल्या नाहीत. कंपन्यांना भरपाई दिली पण खाणी सरकारकडेच ठेवल्या, १९७६ मध्ये कोदेल्को ही सरकारी कंपनी काढली, आणि तिच्या तांब्याच्या निर्यातीतले १० टक्के कायद्याने थेट लष्कराला जायचे. तो कायदा २०१९ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्या 'समाजवादी चुकी'साठी बंड झालं तिचंच दूध लष्कर पीत राहिलं.

पेन्शनचंही तसंच. १९८१ पासून कामगारांच्या पगारातले १० टक्के खासगी पेन्शन कंपन्यांकडे, तेव्हा मालकाचा वाटा शून्य, म्हातारपणी बाजार देईल तेवढं मिळणार. फक्त लष्कर आणि पोलीस यातून वगळले, त्यांनी स्वतःसाठी जुनी पद्धत ठेवली. जे इतकं चांगलं होतं ते स्वतःला का नको झालं? आमची मामेबहीण, मामांचीच मुलगी, शिक्षिका आहे, मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यात संप झाला त्यात ती रोज घोषणा देत होती आणि मामा तिला डबा पोचवायचे. त्याच मामांनी हे फॉरवर्ड केलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

एक पैसा खाल्ला नाही, हे एका ओळीत संपवते. २००४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत त्याची लाखो डॉलरची गुप्त खाती निघाली, काही नाव थोडं बदलून उघडलेली. केवायसी म्हणजे काय हे मामांना मी सांगायला नको.

राहिलं स्वतःहून खुर्ची सोडणं. ५ ऑक्टोबर १९८८ ला त्याने जनमत घेतलं ते आणखी आठ वर्षं राहण्यासाठी. जवळपास ५६ टक्के लोक 'नाही' म्हणाले. रात्री सरकार निकाल दाबून बसलं होतं, तेव्हा हवाई दलाचा प्रमुख मात्तेई, जुंटातलाच (सत्ता चालवणाऱ्या लष्करी मंडळातलाच) माणूस, बैठकीला आत जाता जाता पत्रकारांना सांगून मोकळा झाला की 'नाही' जिंकलंय. नंतर आत पिनोशेने जादा अधिकार मागितले, बाकीच्यांनी दिले नाहीत. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलं तरी १९९८ पर्यंत लष्करप्रमुख तोच, आणि मग तहहयात सिनेटर, स्वतःच करवून घेतलेल्या घटनेतल्या तरतुदीने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला त्याला अटक झाली, तब्येतीच्या कारणावर २००० मध्ये परत पाठवलं, आणि डिसेंबर २००६ मध्ये तो मेला तेव्हा खटले चालूच होते, शिक्षा एकाही गुन्ह्यात झाली नव्हती.

मामांना आज संध्याकाळी फोन करणार आहे. ग्रुपवर वाद नको, पण तो मेसेज त्यांनी स्वतः डिलीट करावा एवढं मी त्यांना सांगणार आहे.